स्क्रीनिंगला मराठीत काय म्हणाल? (डोळे आणि डिमेन्शिया)

अनु_कोथरूड: मंडळी, मदत हवीये. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अंकासाठी एक लेख मराठीत करतेय. इंग्लंडात नॉरफोकला ८,६२३ धडधाकट लोकांना स्क्रीनवर हलणारे ठिपके दाखवले, त्यात त्रिकोण दिसला की बटण दाबायचं. पुढे त्यातल्या ५३७ जणांना डिमेन्शिया झाला, आणि बघितलं तर त्यांना त्रिकोण दिसायला आधीपासूनच जास्त वेळ लागत होता, रोग कळायच्या १२ वर्षं आधी वगैरे. मी मथळा दिला 'डोळे तपासून स्मृतिभ्रंशाचे निदान', तर संघातले डॉक्टरकाका उखडलेच माझ्यावर. निदान नाही, स्क्रीनिंग! बरं मग त्याला मराठीत काय, तर म्हणे स्क्रीनिंगच. असं कसं चालेल?

नगरकर७१: छाननी. विषय संपला.

मीरा_ल: छाननी अर्जांची होते हो काका, माणसांची कशी करणार? एमपीएससीवाले चाळणी परीक्षा म्हणतात ना, मग चाळणी घ्या की.

नगरकर७१: सत्तरीच्या माणसाला म्हणून बघा 'या, तुमची चाळणी करायचीय'. गोळ्या घालताय की काय असं वाटेल त्याला.

चष्मेवाला: मी ऑप्टोमेट्रिस्ट, दुकानात आम्ही स्क्रीनिंगच म्हणतो आणि पेशंट म्हणतो 'डोळे चेक करायचेत'. पण डॉक्टरकाकांचं बरोबर आहे ताई. डोळ्याचा पडदा गर्भात मेंदूतूनच बाहेर आलेला असतो, म्हणून ओसीटीवर, म्हणजे पडद्याच्या स्कॅनवर, तिथल्या नसांच्या तंतूंचा थर किती मायक्रॉन आहे ते मोजून मेंदूचा काही अंदाज लागतो का हे बघताहेत. पण काचबिंदूतही हाच थर पातळ होतो! म्हणजे पातळ दिसला तर पुढच्या तपासण्या करा एवढंच सांगता येतं. निदान लिहिलंत तर उद्या लोक माझ्याकडे येऊन विचारतील मला वेड लागणार का.

पोथीनिष्ठ: मुळात 'निदान'च घसरलेला शब्द आहे. आयुर्वेदात निदान म्हणजे रोगाचं कारण, निदानपंचकातलं पहिलंच. रोग ओळखणे हा नंतरचा विस्तार, आणि 'निदान चहा तरी घ्या' हा तिसराच. दुसरं म्हणजे स्मृतिभ्रंश. गीतेत २.६३ ला 'स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो' आहे, पण तिथे साखळी क्रोधापासून सुरू होते, म्हातारपणाचा काही संबंध नाही. डिमेन्शियात नुसती स्मृती जात नाही, हिशेब, वाट, भाषा सगळंच जातं. बुद्धिभ्रंश म्हणा.

मीरा_ल: पेशंटच्या मुलीला बुद्धिभ्रंश म्हणून दाखवा एकदा. आमची आजी चपला फ्रिजमध्ये ठेवायची, तेव्हा घरात सगळे सरळ 'म्हातारचळ लागलाय' म्हणायचे.

नगरकर७१: अहो म्हातारचळ म्हणजे म्हाताऱ्याने या वयात पोरींकडे बघणं! आजीला कुठे लावताय?

मीरा_ल: आमच्या साताऱ्याकडे लावतात. चळ म्हणजे डोकं चळणं, पोरी कुठून आल्या त्यात?

वऱ्हाडी_ठेचा: आमच्याकडे याला शब्दच नव्हता, चकवा होता. माझी आजी चाळीस वर्षं पायाखालची वाट, वावरातून येताना तिथंच चुकली. सगळे म्हणाले चकवा लागला, लिंबू उतरवून टाकलं. दोन वर्षांनी नागपूरला नेली तेव्हा कळलं काय ते. मोतीबिंदूही पिकला होता दोन्हीकडे, पण 'आता या वयात कशाला ऑपरेशन' म्हणून राहूनच गेलं.

चष्मेवाला: हे वाचून कसंतरी झालं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने (लॅन्सेट कमिशन) २०२४ मध्ये डिमेन्शियाची रिस्क वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या १४ गोष्टींत उपचार न केलेलं दृष्टिदोषाचं दुखणंही घातलंय. ताई, त्रिकोण-बिकोण नंतर, लेखात मोतीबिंदू आधी लिहा.

अनु_कोथरूड: लिहिते नक्की. पण 'रिस्क'ला काय लिहू? धोका लिहिलं तर भीतीच वाटते.

पोथीनिष्ठ: जोखीम.

नगरकर७१: हा हिंदी, म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीतला.

पोथीनिष्ठ: जोखणे हिंदी आहे? सोनाराकडे जाऊन या एकदा. जोखायचं म्हणजे तोलायचं, इथे तेच तर करायचंय.

अनु_कोथरूड: अंक उद्या प्रेसला चाललाय हो! मी तूर्त 'डोळ्यांवरून स्मृतिभ्रंशाची चाचपणी' केलंय. काकांनी नाक मुरडलं पण हो म्हणाले.

नगरकर७१: डोळ्यांच्या लेखात चाचपणी? चाचपतो तो ज्याला दिसत नाही तो.

चष्मेवाला: खरं सांगू का, या विषयात सध्या सगळे चाचपडतच आहेत. मला आवडला शब्द.

मीरा_ल: ते राहू द्या, साताऱ्याकडचं कोणी आहे का इथे? म्हातारचळ विसरण्याच्या अर्थाने ऐकलाय का तेवढं सांगा, नगरकर काका ऐकत नाहीयेत.