सत्राचे दिवस भरतात, पण सोमवारची तुकडी मागे राहते: दिनदर्शिका कशी आखावी?

प्रश्न (सहायक प्राध्यापिका, रसायनशास्त्र, इंदूर):
आमच्या स्वायत्त महाविद्यालयाच्या शैक्षणिक दिनदर्शिका समितीवर यंदा प्रथमच माझी नेमणूक झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहा दिवसांच्या आठवड्यात वर्षाला ३० आठवडे, म्हणजे १८० दिवस, प्रत्यक्ष अध्यापन व्हायला हवे. त्यातले ९० एका सत्राच्या वाट्याला येतात. आमच्या मसुद्यात ९१ दिवस भरत असल्याने काम संपले, असे बहुतेक सदस्यांना वाटते. मी वारांप्रमाणे मोजणी केली, तेव्हा सोमवार १२, मंगळवार १५, बुधवार १६, गुरुवार १७, शुक्रवार १६ आणि शनिवार १५ निघाले. एका क्रेडिटच्या (अभ्यासक्रमाचे वजन मोजण्याचे एकक) प्रात्यक्षिकाला ३० तास लागतात आणि ते आठवड्यातून एकदाच, दोन तास असते. म्हणजे सोमवारच्या तुकडीला २४ तास मिळणार, गुरुवारच्या तुकडीला ३४, आणि परीक्षा मात्र एकच. यावर उपाय काय?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, गणित):
आपली मोजणी योग्य आहे. ही उणीव सहसा नजरेस येत नाही, कारण सोमवार ते गुरुवार रोज एक तास असलेल्या विषयाचे आपल्याच आकड्यांनी १२, १५, १६ आणि १७ मिळून चार क्रेडिटना लागणारे ६० तास बरोबर होतात. फटका बसतो तो आठवड्यातून एकदाच होणाऱ्या प्रात्यक्षिकाला. त्यासाठी सत्र लांबवण्याची गरज नाही. दोन गुरुवारी आणि एका बुधवारी सोमवारचे वेळापत्रक चालवावे, म्हणजे सोमवार, बुधवार आणि गुरुवार तिन्ही १५ होतात आणि एकूण दिवस ९१ च राहतात.

गेल्या वर्षीची दिनदर्शिका उचलून केवळ तारखा बदलण्याची पद्धत मात्र सोडावी. २०२५ मध्ये दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली (लक्ष्मीपूजन २० ला की २१ ला, यावर पंचांगांचेही एकमत नव्हते), तर २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी येते.

उत्तर २ (विभागप्रमुख, वाणिज्य):
गणित पटते, परंतु आमच्याकडील काही अतिथी विद्वान (तात्पुरते नेमलेले अध्यापक) ठरावीक वारीच येतात आणि उरलेल्या दिवशी अन्यत्र शिकवतात. गुरुवारी अचानक सोमवार लावला, तर तास रिकामा जातो. म्हणून हे बदललेले दिवस सत्रारंभीच दिनदर्शिकेत छापावेत. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथांच्या मिरवणुका) रात्रभर चालतात, तेव्हा त्याच्या आसपासचे दिवसही टाळावेत. कागदावर तास होतो, वर्गात कोणी नसते.

उत्तर ३ (सहयोगी प्राध्यापिका, भौतिकशास्त्र):
९१ दिवसांत अंतर्गत परीक्षेचे दिवस धरले आहेत का, हे आधी तपासावे. आयोगाच्या त्याच नियमांत महाविद्यालयांच्या प्रवेश आणि परीक्षांसाठी १० आठवडे वेगळे सांगितले आहेत. ते अध्यापनाच्या ३० आठवड्यांत मिसळणे योग्य नाही. बुडालेले प्रात्यक्षिक ऑनलाइन भरून काढण्याची सूचना आली, तर तिला लेखी विरोध नोंदवावा. ब्युरेट (द्रव मोजून सोडण्याची नळी) हाती धरल्याशिवाय अनुमापन येत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे आभार. आत्ताच तपासले, तर अंतर्गत परीक्षेचे चार दिवस त्या ९१ मध्येच होते, म्हणजे अध्यापनाचे दिवस ८७ च उरतात. त्यांतला एक सोमवार असल्याने सोमवार आता ११ आहेत. सुधारित तक्ता घेऊन मी समितीची बैठक पुन्हा बोलावण्याची विनंती करीत आहे.