बालरोग विभागात संशोधनासाठी वेगळा दिवस हवा का?

बालवैद्य
आमच्या विभागात मी परवा एक प्रस्ताव मांडला: शिकवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आठवड्यातला एक दिवस वॉर्ड आणि ओपीडीतून मोकळं करा, तो फक्त संशोधनासाठी. निम्मे सहकारी म्हणाले, "आधी समोरचं मूल बघा." मला वाटतं, समोरचं मूल नीट बघायचं असेल तर हा दिवस लागतोच.

ऑक्सिजनचंच घ्या. १९४० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना इन्क्युबेटरमध्ये भरपूर ऑक्सिजन द्यायची पद्धत पडली. निळं पडलेलं बाळ गुलाबी होताना दिसायचं, मग शंका कोण घेणार? त्यातल्या हजारो बाळांची दृष्टी गेली. ते लक्षात यायला काही महिने लागत आणि तोवर बाळ घरी गेलेलं असे. डोळ्यांचे डॉक्टर अरनॉल पॅट्झ यांनी वॉशिंग्टनमध्ये जास्त आणि कमी ऑक्सिजनची तुलना सुरू केली, तेव्हा काही परिचारिका रात्री कमीवाल्या बाळांचा ऑक्सिजन गुपचूप वाढवत. बाळ दगावेल या धास्तीने, मायेपोटी. शेवटी १९५३-५४ मध्ये १८ रुग्णालयांनी मिळून चाचणी केली तेव्हा जास्त ऑक्सिजनचा दोष सिद्ध झाला. वॉर्डात नुसते राउंड घेऊन हे कधीच कळलं नसतं.

रात्रपाळी
सर, गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्यानंतर ऑक्सिजनला सरसकट कात्री लागली. अंधत्व घटलं, पण श्वास कमी पडून दगावणारी बाळं वाढली. एका चाचणीवरून सगळीकडे नियम ठोकून दिला की असं होतं.

आणि तुमच्या त्या मोकळ्या दिवशी वॉर्ड कोण बघणार? आम्ही निवासी डॉक्टरच. आमच्याकडे संशोधन म्हणजे काय ते सांगते. गाईड विषय देतात. आम्ही रेकॉर्ड रूममध्ये बसून जुने केसपेपर उपसतो. निम्म्या कागदांवर वजनच लिहिलेलं नसतं. तरी तक्ता भरला जातो, प्रबंध बांधून होतो आणि कपाटात जातो. त्याने एकाही मुलाचा उपचार बदललेला मी पाहिला नाही.

काठावरची
मी डॉक्टर नाही. माझं बाळ २७ आठवड्यांचं जन्मलं. कळा सुरू होत्या, हाताला सलाइन होतं आणि कोणीतरी चार पानी संमतीपत्र पुढे धरलं. मी सही केली. नाही म्हटलं तर बाळाकडे दुर्लक्ष होईल, एवढंच डोक्यात होतं. कशाची चाचणी होती ते मला बाळ घरी आल्यावर समजलं. संशोधनाला माझा विरोध नाही, पण त्या सहीला संमती म्हणू नका.

मोजपट्टी
काठावरची, तुमची तक्रार रास्त आहे. अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर झालेल्या 'सपोर्ट' नावाच्या ऑक्सिजनच्या चाचणीवर २०१३ मध्ये तिथल्या सरकारी देखरेख कार्यालयाने हाच ठपका ठेवला: पालकांना धोके स्पष्ट सांगितले नव्हते.

पण त्याच चाचणीतून काय कळलं तेही बघा. १३१६ बाळं, रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण एका गटात ८५ ते ८९ टक्के, दुसऱ्यात ९१ ते ९५. दोन्ही त्या काळी चालणाऱ्या उपचारांच्या मर्यादेतलीच. कमीवाल्या गटात डोळ्यांचा गंभीर आजार निम्म्यावर आला, पण मृत्यू १९.९ टक्के, जास्तवाल्या गटात १६.२. म्हणजे चाचणी नसती तरी कुठलं बाळ कुठल्या वॉर्डात जन्मलं यावर हा फरक पडतच होता, फक्त कोणी मोजत नव्हतं.

रात्रपाळी, कपाटातल्या प्रबंधांबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. पण म्हणून प्रश्न विचारणंच थांबवायचं? मोठ्यांची गोळी कुटून, चार पुड्या करून आपण मुलांना देतो. प्रत्येक पुडीत औषध सारखं उतरलं का, कोण बघतं? क्लोरॅम्फेनिकॉल हे जंतुसंसर्गावरचं औषध नवजात बाळांना असंच वजनाच्या हिशोबाने दिलं जायचं. त्यांचं यकृत ते औषध निकामी करू शकत नव्हतं. बाळं राखाडी पडून दगावली, तेव्हा १९५९ मध्ये कारण उलगडलं. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला शिकवतो आणि संध्याकाळी गोळीचे चार तुकडे करतो.

बालवैद्य
काठावरची, तुमचं वाचून प्रस्तावात बदल करतोय. ज्या गरोदर बाईची प्रसूती लवकर होण्याची शक्यता आहे, तिच्याशी चाचणीबद्दल आधीच, तपासणीच्या वेळी बोलायचं. प्रसूतीनंतर पुन्हा बसून विचारायचं, आणि विचारणारा डॉक्टर त्या बाळावर उपचार करणारा नसावा. नकार दिला तर उपचारात काहीही बदलणार नाही, हे पहिल्याच ओळीत.

रात्रपाळी, प्रबंधाचे विषय तुमच्या पाळीच्या वहीतून यावेत. रात्री तीन वाजता "हे आपण असंच का करतो?" असं वाटलं की लिहून ठेवा. आणि नोंदी ठेवायला स्वतंत्र माणूस मागतोय, ते काम निवासी डॉक्टरांवर टाकणार नाही.

रात्रपाळी
वही ठेवते. पहिला प्रश्न आत्ताच लिहिला: ९०० ग्रॅमच्या बाळाच्या अंगात जेमतेम ८० मिलिलिटर रक्त, तरी आपण रोज सकाळी सवयीने नमुने का काढतो? पण नोंदींसाठीचा माणूस प्रत्यक्ष हजर होईपर्यंत त्या एका दिवसाला माझा विरोधच धरा.