कमरेत झायलेझिन (गुंगी आणि वेदनाशमनाचं औषध) दिलं तरी हृदयाचे ठोके का कमी होतात? (मुधोळ कुत्री, मांडीचं हाड)

नवा_व्हेट_सोलापूर: सर लोक एक विचारायचंय. मुधोळ जातीची मादी, २२ किलो, विजापूर रोडला गाडीची धडक, फीमर (मांडीचं हाड) मोडलंय, प्लेट टाकायचीय. आयसोफ्लुरेनवर (भुलीचा गॅस) ठेवून एपिड्युरल (कमरेतून मणक्यात द्यायच्या) लिग्नोकेनमध्ये, म्हणजे बधिर करायच्या औषधात, थोडं झायलेझिन नाहीतर त्याच गटातलं डेक्समेडिटोमिडिन मिसळायचा विचार आहे म्हणजे गॅस कमी लागेल. औषध मणक्यातच देतोय तर हृदयावर परिणाम नगण्य असणार ना? आणि ठोके ५० च्या खाली गेलेच तर अ‍ॅट्रोपिन (ठोके वाढवणारं औषध) लगेच मारायचं का?

बार्शीचा_डॉक्टर: नगण्य धरू नका ओ. ही दोन्ही औषधं चरबीत विरघळणारी, तिथल्या शिरांतून पटकन रक्तात जातात, मग शिरेतून दिल्यासारखंच होतं फक्त थोडं सौम्य. आधी रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वर जातं, ते बघून शरीरच ठोके कमी करतं. हिरड्या फिक्या दिसतात ते पण त्यामुळेच, लगेच रक्त गेलं समजू नका (अर्थात ह्या केसमध्ये मांडीत खरंच रक्त साचलेलं असू शकतं, ते आधी बघा). नंतर मेंदूकडून सिम्पथेटिक (ठोके आणि बीपी वाढवणारी मज्जासंस्था) दबतं, बीपी खाली येतं पण ठोके कमीच राहतात. हृदयातून बाहेर पडणारं रक्त मात्र दोन्ही वेळी घटलेलं असतं, बीपीचा आकडा चांगला दिसला तरी.
म्हणून बीपी वर असताना अ‍ॅट्रोपिन नको. आकसलेल्या वाहिन्यांविरुद्ध हृदयाला पळवायचं म्हणजे बीपी भलतंच चढतं, अ‍ॅरिदमिया (ठोक्यांची लय बिघडणं) पण येतो.

नवा_व्हेट_सोलापूर: मग ठोके पण कमी आणि बीपी पण कमी असलं तर?

बार्शीचा_डॉक्टर: तेव्हा पहिलं गॅस उतरवा, झायलेझिनमुळे आयसो तसंही कमी लागतं आणि बरेच जण डायल तिथंच ठेवून बसतात. मीन (सरासरी) बीपी ६० च्या खाली जाऊ द्यायचं नाही. लिग्नोकेन मणक्यात पुढं, डोक्याकडं चढलं असेल तर त्यानंही वाहिन्या सैल पडतात, मग फ्लुइड. हे करून पण दोन्ही खालीच राहिले तर अ‍ॅट्रोपिनचा विचार. अ‍ॅटिपामेझोल (झायलेझिन-डेक्समेडिटोमिडिनवरचा उतारा) जवळ ठेवा पण त्यानं वेदनाशमन पण जातं हे ध्यानात असू द्या.

होटगी_रोड_पेट्स: मुधोळ आहे म्हणून सांगतो, अंगावर चरबी नाही, एसी ओटीत (ऑपरेशनच्या खोलीत) लई लवकर गार पडतात, बाहेर सोलापूरचं ऊन कितीही असू दे. गार कुत्र्याचे ठोके अ‍ॅट्रोपिननं नीट चढत नाहीत, आधी थर्मामीटर लावा. आणि पळणारी जात, ठोके मुळातच कमी असू शकतात, भुलीआधीचा आकडा लिहून ठेवा नाहीतर तुलना कशाशी करणार?

एक_पालक: मधे बोलतो, माफ करा. आमच्या म्हाताऱ्या पॉमला (पॉमेरेनियन) हृदयात मर्मर (ठोक्यांबरोबर येणारा जादा आवाज) आहे, त्याला पण असं कमरेत देतात का?

बार्शीचा_डॉक्टर: एपिड्युरल देता येतं काका, पण ही दोन औषधं अशा पेशंटला मी टाळतो. निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच. मॉर्फिन ०.१ मिग्रॅ प्रतिकिलो, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं, एकट्यानं बरंच काम करतं, हृदयावर भार फार कमी, आणि १२ ते २४ तास टिकतं. मला विचाराल तर ह्या मुधोळला पण तेच द्यावं. फक्त लघवी अडकते कधी कधी, रात्री मूत्राशय हातानं चाचपून बघायचं.