मखमलाबाद शिवारात काळ्या मातीत घर बांधायचं आहे, पाया किती खोल घ्यावा?

मखमलाबादचा प्लॉटवाला

नमस्कार मंडळी. नाशिकला मखमलाबाद शिवारात आमचा 30 बाय 50 फुटांचा प्लॉट आहे. एनए झालेला, लेआउट मंजूर. मी अंबड एमआयडीसीत शिफ्टला असतो. घरात आई-वडील, बायको आणि लहान मुलगी. आत्ता फक्त तळमजला बांधायचा आणि वरचा मजला पुढे कधीतरी, असा विचार आहे. दिवाळीनंतर काम सुरू करू म्हणतोय.

जमीन काळी आहे. मे महिन्यात प्लॉटवर अशा भेगा पडल्या होत्या की हाताचा पंजा आत जात होता. ठेकेदार म्हणतो, "चार फूट खड्डे पुरे, इथं सगळ्यांनी तेवढेच घेतलेत." पण दोन प्लॉट सोडून एक बंगला आहे, त्याच्या कंपाउंडला आणि पोर्चच्या पायऱ्यांना तडे गेलेले दिसतात. वडील दिंडोरीकडचे. ते म्हणतात कॉलम-बिलम नको, काळ्या दगडाचा जोता घाल, गावचा वाडा तसाच उभा आहे ना अजून.

काम लेबर रेटने द्यावं की मटेरियलसकट? भाजकी वीट घ्यावी की ब्लॉक? कर्ज काढून बांधतोय, बजेट मोजकंच आहे. पैसा कुठे घालावा आणि हात कुठे आखडावा, जाणकारांनी सांगावं.

ओळंबा पंचवटी

दादा, बंगल्यांच्या कामांवर सुपरवायझर म्हणून माझी बरीच वर्षं गेली. म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी फाटा, तुमचं मखमलाबादही. त्या अनुभवावरून लिहितो.

प्लॉटवर खड्डा खणून पाहिल्याशिवाय "चार फूट" हा आकडा कुणालाच सांगता येणार नाही. आधी एक जेसीबी बोलवा आणि प्लॉटच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत चाचणीचे खड्डे घ्या. स्वतः उभं राहून बघा. आपल्याकडे वर काळी माती, तिच्याखाली बहुतेक पिवळट चुनखडीची माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण असा क्रम असतो. कुठला थर किती जाड, ते मात्र एकाच प्लॉटमध्येसुद्धा बदलतं. पहार मारली की घट्ट लागते आणि तुकडे निघतात, तो कठीण मुरूम. तुमची सगळी फुटिंग, म्हणजे कॉलमखालचे काँक्रिटचे पाये, त्याच थरावर बसायला हवीत. निम्मी मुरमावर आणि निम्मी मातीवर बसली तर घर एका अंगाने खचतं आणि तडा थेट दाराच्या कोपऱ्यातून वर चढतो. खड्डा झाला की स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष बोलवा, मातीची तपासणी करून घ्या आणि त्याच्या सहीचं डिझाइन घ्या. अख्ख्या घराच्या खर्चात ही रक्कम फार लहान आहे.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. जमीन पावसाळ्यात घराला वर ढकलते आणि उन्हाळ्यात खाली सोडते. म्हणूनच हलकं बांधकाम आधी तडकतं. तुम्हाला कंपाउंडला आणि पायऱ्यांना तडे दिसले ते यामुळेच. त्यांच्यावर वजन नसतं, आणि पायाही उथळ असतो. "एकच मजला आहे, पाया कमी चालेल" हा हिशेब काळ्या मातीत म्हणूनच चुकतो.

मुरूम सहा-सात फुटांवर लागला तर सरळ तिथपर्यंत जा. बारा फुटांपर्यंतही लागत नसेल तर खालच्या टोकाला फुगवटा असलेल्या पाइलचा पर्याय आहे, त्याला अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत अशाच मातीसाठी विकसित केली. साधारण साडेतीन मीटरच्या खाली मातीतला ओलावा ऋतूप्रमाणे फारसा बदलत नाही, म्हणून पाइलचं टोक तिथे रोवतात. हा निर्णय इंजिनिअरचा, ठेकेदाराचा नाही.

आता भरणी. माझ्या मते नाशिकमधली सगळ्यात जास्त घरं इथे बिघडतात. खोदाईतून निघालेली काळी माती जोत्यात परत टाकू देऊ नका. ठेकेदाराला ते सोयीचं असतं, कारण माती उचलायचा खर्च वाचतो. पुढे दोन-तीन पावसाळ्यांत फरशी मधोमध उचलली जाते. भरती मुरमाचीच करा. नऊ-नऊ इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि नीट धुमस. प्लिंथ बीमच्या, म्हणजे जोत्याच्या पातळीवर कॉलम जोडणाऱ्या बीमच्या, पोटाला काळी माती टेकलेली नको. खाली मोकळी जागा सोडायला सांगा, म्हणजे माती फुगली तरी बीमला ढकलणार नाही. आतल्या भिंतीही बीमवरच घ्या, भरणीवर उभ्या करू नका.

घराभोवती चारेक फूट रुंद फरसबंदी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा. गच्चीचं पाणी भिंतीच्या मुळाशी पडू देऊ नका. शोषखड्डा घरापासून लांब घ्या आणि मुरमापर्यंत न्या म्हणजे पाणी खरंच मुरेल, काळ्या मातीत ते नुसतं साचून राहतं. जोत्याची उंची रस्त्यापासून दोन-अडीच फूट तरी ठेवा. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो, आपलं जोतं आहे तिथेच राहतं.

वडिलांचं म्हणणं खोटं नाही. पण त्यांना हे सांगा की जुनी गावठाणं पांढरीवर, म्हणजे पांढरट मातीच्या जागेवर वसवलेली असायची आणि नांगर काळीत चालायचा. वाड्याचा दगडी जोता रुंद, चुन्यात बांधलेला, वर लाकडी सांगाडा. चुना आणि लाकूड थोडीफार हालचाल सोसतात. सिमेंटात बांधलेली सहा इंची भिंत ती सोसत नाही.

वरचा मजला पुढे घ्यायचा आहे ना? मग फुटिंग आणि कॉलम आत्ताच दोन मजल्यांच्या भाराने डिझाइन करून घ्या. नंतर पाया वाढवणं फार अवघड असतं. गच्चीवर सोडलेल्या कॉलमच्या सळया गंजू नयेत म्हणून कच्च्या काँक्रिटने झाकून ठेवा.

म्हसरूळची ताई

ओळंबा दादांनी पायाचं सांगितलं, मी कागदपत्रांचं आणि पाण्याचं सांगते. आमचं घर बांधताना साईट मीच सांभाळली.

खोदाईआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. शेजाऱ्याचं कंपाउंड ही हद्द धरू नका. मंजूर नकाशाची एक प्रत साईटवरच ठेवा आणि कडेच्या मोकळ्या जागा स्वतः टेप लावून मोजा. जोतं झालं की भिंती चढवण्याआधी आर्किटेक्टकडून जोत्याची तपासणी आणि त्याचा कागद करून घ्या. शेवटी भोगवटा दाखला घ्यायचाच, तो नसेल तर विकताना अडतं.

नदी-नाल्याजवळ प्लॉट असलेल्या इतरांसाठी: पूररेषा नक्की बघा. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा. 2008 च्या सप्टेंबरमध्ये गोदावरी कुठवर आली होती ते जुन्या लोकांना विचारा. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी हे आपण दर पावसाळ्यात बघतोच, पण नंदिनी आणि वाघाडी या नद्यासुद्धा चढतात.

पश्चिमेच्या भिंतीकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे पावसाची झड त्याच अंगाने येते. तिकडच्या खिडक्यांना खोल छज्जा, छज्ज्याला खालून पाणी तोडणारी खाच, आणि बाहेरचा गिलावा दोन हातांचा, म्हणजे दोन थरांचा. गिलावा जूनच्या आत पुरा व्हायला हवा, नाहीतर पहिल्याच वर्षी आतून ओल दिसते.

नळाचे पाइप भिंतीत बुजवण्याआधी दाबाची चाचणी घ्या आणि रात्रभर दाब तसाच राहतो का बघा. गिलाव्याच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, शेजारी टेप धरून. पुढे गीझर किंवा कपाट ठोकताना पाइप आणि वायर कुठून गेलीय ते कळतं.

मखमलाबादचा प्लॉटवाला

काका, ताई, मनापासून आभार. वडिलांना पांढरीचं वाचून दाखवलं, ते एकदम गप्प झाले आणि म्हणाले खड्डा घे. ठेक्याचं आणि विटांचं काय करू? आणि मी शिफ्टला असताना वडील साईटवर असतील, त्यांनी नेमकं काय बघायचं?

ओळंबा पंचवटी

घरचं माणूस साईटवर असणार असेल तर लेबर रेटच घ्या. माल तुमचा म्हणजे सिमेंट-स्टीलची कंपनी तुमच्या पसंतीची. मात्र रेट कशावर मोजणार ते स्टँपपेपरवर लिहून घ्या. छज्जा, पॅराफिट, जिना, बाहेरचा ओटा, जमिनीखालची टाकी, हे रेटमध्ये धरलंय की वेगळं? खोदाई, भरणी, पाणी मारणं कुणाकडे? भांडणं इथेच होतात. पैसे टप्प्याटप्प्याने, काम झाल्यावर. शेवटचा हप्ता बाहेरचा गिलावा एका पावसाळ्यातून गेल्यावर द्यायचं ठरवता आलं तर उत्तम.

स्टील जालन्याचं असो की आणखी कुठलं, 500डी ग्रेडचं घ्या आणि गाडी काट्यावर रिकामी-भरलेली दोन्ही वेळा वजन करा. 12 मीटरची सळई 8 एमएमची असेल तर साधारण 4.7 किलो, 10 ची 7.4, 12 ची 10.7, 16 ची 19 किलो. नग मोजा, गुणाकार करा आणि पावतीशी ताडून बघा. खडी आणि क्रश सँडचा डंपर आला की आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटात मोजा, गुणून 100 ने भागा, तेवढे ब्रास. वडिलांना हे सहज जमेल.

त्यांनी बघायच्या बाकीच्या गोष्टी. कॉलम-बीमच्या उभ्या-आडव्या सळयांना बांधणाऱ्या रिंगांची टोकं आत वळलेली, म्हणजे 135 अंशांत हवीत. नुसती काटकोनात वाकवलेली रिंग भूकंपात उघडते. सळईखाली खडीचा तुकडा ठेवू देऊ नये, कव्हर ब्लॉकच हवेत: फुटिंगला 50 मिमी, कॉलमला 40, बीमला 25, स्लॅबला 20. माल कालवताना एका गोणीला पाणी साधारण 25 ते 27 लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल सरकायला सोपा जावा म्हणून मजूर पाणी वाढवतात आणि काँक्रिटची ताकद तिथेच जाते. त्या दिवशी वडिलांनी मिक्सरपाशीच खुर्ची टाकून बसावं. स्लॅबच्या दिवशी व्हायब्रेटर दोन असावेत, एक बंद पडला तर काम अडू नये.

पाणी मारण्याला पर्याय नाही. स्लॅबवर आळी करून पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळून ओलं ठेवा. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल तर 10. कोरड्या उन्हात 10 आणि 14 धरा. सेंटरिंगचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला 7 दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला 14, बीमखाली 14 ते 21. तुमचा स्लॅब बहुधा जानेवारीत येईल. नाशिकच्या थंडीत काँक्रिट हळू पकडतं, त्यामुळे टेकू काढायला चार-पाच दिवस जास्तच द्या. सेंटरिंगवाल्याला प्लेटा पुढच्या साईटवर हव्या असतात, तो घाई करेल. ऐकू नका.

विटांचं म्हणाल तर फ्रेमच्या घराला दोन्ही चालतात. ब्लॉक हलका आणि भिंत सरळ येते, पण कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर जाळी ठोकल्याशिवाय गिलावा करू नका, तिथे हमखास केसासारखी चीर पडते. भाजकी वीट घ्यायची तर दोन विटा एकमेकींवर वाजवा, खणखणीत आवाज यायला हवा. कच्च्या विटेला पुढे लोणा लागतो. पैसा कमी पडत असेल तर इथे, टाइल्समध्ये आणि पुढच्या दर्शनी डिझाइनमध्ये हात आखडा. या गोष्टी नंतर बदलता येतात.

आणि मजुरांचं गणित आधी करा. आपल्याकडचे बरेचसे बिगारी पेठ, सुरगाणा, हरसूल भागातले. जूनचा पाऊस लागला की ते आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, गावी जातात, आणि जावंच लागतं त्यांना. शिवाय 2027 च्या सिंहस्थाची कामं शहरभर निघालीत, चांगले गवंडी आत्ताच अडकलेत. गवंड्याला दसऱ्यालाच विसार देऊन बांधून घ्या.

म्हसरूळची ताई

एक राहिलं. मजूर साईटवर राहणार असतील तर त्यांच्यासाठी पत्र्याची खोली, प्यायचं पाणी आणि संडास आधी उभा करा. पोरंबाळं घेऊन येतात. आणि जमिनीखालच्या टाकीच्या खड्ड्याला पहिल्या दिवसापासून कठडा आणि वर झाकण. तुमचीही मुलगी लहान आहे.

मखमलाबादचा प्लॉटवाला

लिहून घेतलं सगळं. रविवारी जेसीबी ठरवलाय. इंजिनिअरही येतायत. मुरूम कितीवर लागतो ते इथे कळवतो.

ओळंबा पंचवटी

दोन्ही खड्ड्यांचे फोटो आत टेप सोडून, खोली दिसेल असे काढा. आणि फोटो झाले की खड्डे उघडे ठेवू नका, वस्तीतली मुलं आणि जनावरं फिरत असतात. बुजवताना ते कुठे घेतले होते त्याची नोंद नकाशावर करा, तिथे फुटिंग येणार असेल तर खालपर्यंत पोकळ माती काढून काँक्रिटने भरावं लागेल.