ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वसतिगृहासाठी माहितीपट: आखणी कशी करावी?

माळरान
नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेचं हंगामी वसतिगृह आहे. आईवडील ऊसतोडीला गेले की मुलं तिथे राहून शाळा शिकतात. देणग्यांसाठी माहितीपट करायचाय. एक मिररलेस कॅमेरा, दोन फोन, तीन माणसं. लांबी किती ठेवावी, कधी काय शूट करावं, परवानग्यांचं काय?

कातरी
आधी मागणी ठरवा. एका मुलाचा हंगामभराचा खर्च किती, हा आकडा संस्थेकडून लेखी घ्या आणि तो पडद्यावर आणा. नुसतं 'मदत करा' म्हटलं तर बघणारा हळहळतो आणि उठून जातो. लांबी ८ मिनिटांच्या आत. व्हॉट्सॲपसाठी ९० सेकंदांची उभी आवृत्ती वेगळी करा. तिच्यासाठी चेहरा चौकटीच्या मधोमध धरून एक-दोन शॉट जास्तीचे घ्या.

वेळापत्रक हंगामच ठरवतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. ट्रॉलीत भांडी, धान्य, सरपण, कोपीचं (तिकडच्या तात्पुरत्या झोपडीचं) सामान चढतं आणि मूल आजीजवळ किंवा वसतिगृहात मागे राहतं. हा निरोप चुकला तर पुन्हा घडवून शूट करू नका, तो खोटा दिसतोच. त्याऐवजी गावातली कुलूपबंद घरं घ्या. डिसेंबर-जानेवारीत फडावर, म्हणजे ऊसतोड चालू असलेल्या शेतात जा. मोळी डोक्यावर घेऊन बाई फळीवरून ट्रॉलीत चढते तो शॉट खालून अजिबात नको. साडीतल्या बाईवर खालून कॅमेरा रोखणं अशोभनीय आहे, शिवाय मोळीआड चेहराही जातो. बाजूने, तिच्या खांद्याच्या उंचीवरून घ्या. फळीचा चढ आणि मानेवरचा भार दोन्ही दिसतात.

पन्नास_हर्ट्झ
सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ३० फ्रेम आणि १/६० वर वसतिगृहातल्या ट्यूबखाली पट्टे सरकतात. फोनलाही हेच लावा, नाहीतर संकलनात दोन्हींची हालचाल जुळत नाही. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) रेकॉर्ड केलं तर तासाला साधारण ४५ जीबी भरतात. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. कोपीवर वीज नाही असंच धरून बॅटऱ्या न्या.

खरा घात आवाजात होतो. कॉलर माइक पदराखाली लपवला की कापड घासतं आणि ती खरखर नंतर निघत नाही. तो पदरावर उघडा, बाईंनाच लावू द्या. फडात वारा आणि पाचटाची सळसळ असते, म्हणून माइकला केसाळ आवरण हवंच. रेकॉर्डिंगची पातळी −१२ डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास. प्रत्येक जागी कुणी न बोलता ३० सेकंद आवाज घेऊन ठेवा. मुलाखत कापल्यावर सांधे बुजवायला तोच लागतो.

साक्षीभाव
परवानगीत एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. कामगार जोडप्याने मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम घेतलेली असते. ट्रॉलीचा नंबर, कारखान्याची पाटी, वजनाची पावती यांपैकी काहीही दिसलं तर कोण बोललं ते लगेच कळतं आणि पुढच्या हंगामाची उचल अडू शकते. या तिन्ही गोष्टी चौकटीबाहेर ठेवा. मुलाखत मुकादमासमोर घेऊ नका.

मुलांसाठी पालकांची संमती टोळी निघण्याआधी घ्या. नंतर ते कुठल्या कारखान्यावर सापडतील ते सांगता येत नाही. संमतीपत्र मराठीत, वाचून दाखवून, एक प्रत त्यांच्याकडे. अंतिम प्रत त्यांना दाखवेपर्यंत नकार देता येईल, हेही त्यात लिहा. आणि बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४ वाचा: काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काही प्रसिद्ध करता येत नाही. शंका असेल त्या मुलाचे हात, वही, पाठमोरं बसणं एवढंच घ्या. रडणाऱ्या मुलाचा क्लोजअप कायद्यात बसला तरी नको. तेच मूल पुढे दहावीत असताना वर्गातली पोरं तो व्हिडिओ बघणार आहेत.

माळरान
फार उपयोगी! अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळातही दाखवायचा विचार आहे. शेवटी क्यूआर कोड टाकला तर चालेल?

कातरी
संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर त्या प्रतीत कोड नको. भारतीय पासपोर्टवाल्याची देणगी परदेशी धरत नाहीत, पण नागरिकत्व बदललेल्याची धरतात, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी. प्रेक्षकांत दोन्ही असणार. नोंदणी असेल तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, म्हणजे इथला नेहमीचा कोड तिथे चालत नाही. दोन प्रती काढा आणि फाइलच्या नावातच 'भारत' आणि 'परदेश' लिहा.