एसीतून जळका वास आला, तेव्हा तुमच्या घरी काय निघालं?

मार्च उजाडला की मुंबईत घरोघरी एसी सुरू होतात आणि ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. 'एसी लावला की काहीतरी जळल्यासारखा वास येतोय गं, काय करू?' तोवर घरातल्या कुणीतरी निदान करून टाकलेलं असतं, की बरेच महिने बंद होता, धूळ जळत असेल, जाईल आपोआप.

हे धूळ जळण्याचं कारण थंडीच्या मुलखातलं आहे. तिथे त्याच यंत्रातून हिवाळ्यात गरम हवा घेतात. आत तापणारा भाग असतो, त्यावर बसलेली धूळ पहिल्या दिवशी जळते आणि वास जातो. आपल्याकडे बहुतेक घरांतला एसी फक्त गार करतो. आतली कॉइल थंड आणि ओली असते. तिच्यावरच्या धुळीला कुबट वास येईल, ओल्या फडक्यासारखा येईल, पण ती करपायची कशी? म्हणून मुंबईतल्या घरात एसी चालू असताना जळका वास आला, तर वीज कुठेतरी नको तिथे तापते आहे असंच धरून चालावं, असं माझं ठाम मत आहे.

वास कसा होता, नेमका कुठून येत होता आणि शेवटी काय सापडलं, ते इथे लिहा. कंपन्यांची नावं नकोत. सुरुवात मी करते.

परळ

आमचा एसी उत्तम गार करत होता, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. रात्री झोपताना तापलेल्या रबरासारखा वास यायचा. यजमानांनी स्टुलावर चढून जाळीशी नाक नेलं, तिथे काही नाही. पडद्यामागे एसीचा पॉइंट आहे, वास तिथे होता. एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली गेली की आपोआप पडणारा स्विच, खाली पाडला आणि हाताची मागची बाजू प्लेटला लावली, तर चटका बसला.

सकाळी वायरमन आला. त्याने टॉप, म्हणजे प्लग, ओढला तो सहज निघेना. निघाला तेव्हा सॉकेटच्या एका भोकाची कड वितळून आत ओघळलेली होती, आणि त्या बाजूची पितळी पिन काळीनिळी पडली होती. प्लेट उघडल्यावर त्याने स्क्रूखालची वायर बोटाने हलवून दाखवली. ती खुळखुळत होती.

'मग एमसीबी का नाही पडला?' असं मी विचारलं. त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत असावं असं वाटतं. दीड टनाचा एसी चालू असताना साधारण ७-८ अँपिअर घेतो. आमचा एमसीबी २० चा. ढिल्या सांध्यातूनही तेवढेच ७-८ अँपिअर जातात, जास्त नाहीत. एमसीबीच्या लेखी सगळं सुरळीत असतं, आणि सांधा मात्र तापत राहतो. त्यामुळे एमसीबी पडला नाही यावर निर्धास्त राहू नका.

माहीम

आमच्या घरी वास जळका नव्हता, मासळीचा होता. म्हणून तर इतका वेळ गेला. कोळीवाडा जवळ, खाली दोन घरांत रोज म्हावरं असतं, त्यामुळे कुणाचं तरी कालवण लागलं असेल म्हणून आम्ही खिडक्या लावून एसी सुरू करायचो. आणि खिडक्या लावल्या की वास वाढायचा! सासूबाई म्हणाल्या, 'अगं, हा बोंबलाचा वास नाही, हा बरा नाही.' त्यांचं नाक अशा बाबतीत चुकत नाही. त्यांनीच बेडरूममधला जुना पांढरा स्विचबोर्ड दाखवला. कोपरा पिवळा पडून तडकला होता.

नंतर कळलं की स्विच, सॉकेटसाठी वापरलं जाणारं काही कडक प्लास्टिक, युरिया फॉर्माल्डिहाइड जातीचं, जास्त तापलं की त्यातून सडक्या मासळीसारखा वास येतो. घरात मासे नसताना भिंतीजवळ मासळीचा वास येत असेल तर पहिल्यांदा बोर्ड बघा.

लालबाग

मी वायरिंगचं काम करतो, बरीच वर्षं झाली. परळच्या ताई आणि माहीमच्या ताई, दोघींनी अगदी बरोबर लिहिलंय. थोडी भर घालतो.

जळक्या वासाची तक्रार घेऊन गेलं की निम्म्याहून जास्त वेळा दोष एसीत नसतोच. टॉप, सॉकेट, एमसीबीचा स्क्रू किंवा स्टॅबिलायझर, यांपैकी काहीतरी निघतं. एसी चालू असताना सांधा तापतो, बंद केल्यावर थंड होतो. तांब्याची वायर आणि स्क्रू रोज फुगतात, आकसतात, आणि कसलेला सांधाही कालांतराने सैल होतो. जुन्या इमारतींत ॲल्युमिनियमची वायर असते, तिला कुणीतरी तांब्याचा तुकडा पिळून जोडलेला असतो. तो सांधा तर तापणारच. दीड टनासाठी मीटरपासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची लाइन ओढावी, तिच्यावर दुसरं काही नको. गीझरचा पॉइंट एसीला वापरू नका. एक्सटेंशन बोर्डावर एसी चालवणाऱ्याच्या घरी मी आधी बोर्ड काढतो, मग बोलतो.

लोक म्हणतात, गॅस लीक झाला असेल म्हणून वास येतो. हल्लीच्या एसीत आर-३२ किंवा आर-४१०ए गॅस असतो, त्याला जळका वास नसतो. गॅस गेला तर एसी गार करणार नाही, करपल्याचा वास येणार नाही. मात्र आर-३२ थोडासा ज्वलनशील आहे, आणि काही एसींत आर-२९० असतो तो तर सरळ प्रोपेनच. म्हणून जळका वास येत असताना कुणालाही घरगुती पान्याने पाइप सोडू देऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिमोटने बंद केलेला एसी बंद नसतो. पॉइंटवर आणि कार्डात, म्हणजे एसीतल्या सर्किट बोर्डात, वीज असतेच. एमसीबी पाडा. 'बघू पुन्हा येतो का वास' म्हणून परत लावून बघू नका. त्या एका बघण्यात साधा सॉकेट बदलायचं काम भिंतीतली वायर बदलण्यापर्यंत जातं, कधी त्याच्याही पुढे.

गोरेगाव

आमचा जुना, इन्व्हर्टर नसलेला स्प्लिट. वारा येत होता, गारवा नाही. बाहेरच्या युनिटमधून नुसता हुंकार यायचा, मग टक् असा आवाज आणि शांतता. थोड्या वेळाने पुन्हा तेच. गॅलरीत गेलं की उग्र, औषधी असा जळका वास.

मेकॅनिकने झाकण उघडून कपॅसिटर दाखवला. डब्याचं वरचं टोक फुगून गोल झालं होतं. कंप्रेसर सुरू व्हायला त्याचा आधार लागतो. तो गेला की कंप्रेसर जोर लावतो, फिरत नाही, तापतो, मग ओव्हरलोडने बंद होतो. हे असंच रेटलं असतं तर वाइंडिंग जळलं असतं आणि खर्च भलताच वाढला असता. त्याने हात लावण्याआधी कपॅसिटरमधली वीज उतरवली. मेन बंद केल्यावरही त्यात वीज साठून राहते. व्हिडिओ पाहून ज्यांना हे घरी करावंसं वाटतं, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, नका करू.

वर्सोवा

पाल. बाहेरच्या युनिटच्या कार्डावर पाल शिरली आणि दोन टोकांना चिकटली. जळक्या प्लास्टिकबरोबर आणखी एक वास होता, त्याचं वर्णन नको. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने कार्डावर हिरवट बुरशीसारखा थर आधीच चढला होता. नवीन कार्ड घ्यावं लागलं. मेकॅनिकने युनिटची मोकळी राहिलेली भोकं बुजवून दिली. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पावसाळा संपला की बाहेरचं युनिट उघडून एकदा बघून घ्यावं.

मुलुंड

आमचा अनुभव वेगळा आहे आणि तो लिहिलाच पाहिजे, कारण त्यात एसीचा काही संबंध नव्हता.

संध्याकाळी अचानक दिवे डोळे दिपतील असे पेटले, पंखा सुसाट सुटला, आणि एसीच्या स्टॅबिलायझरमधून धूर. त्याच वेळी स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागून वास. शेजारच्या काकूंकडे उलट, दिवे मिणमिणत होते. माझा भाऊ इलेक्ट्रिकलचा आहे. तो ओरडलाच, 'न्यूट्रल गेला, मेन पाड!'

इमारतीत तीन फेज येतात, प्रत्येक घराला एक फेज आणि सगळ्यांचा मिळून न्यूट्रल, म्हणजे वीज परत जायची तार. मीटर रूममध्ये तो सामाईक न्यूट्रल सुटला की कुणाला २३० च्या जागी त्याहून खूप जास्त व्होल्टेज मिळतं, पार ४०० च्या आसपासही, आणि कुणाला अगदी कमी. आमच्या सोसायटीच्या मीटर रूममधला सांधा गंजून सुटला होता. एकाच वेळी दोनतीन वस्तूंमधून वास आला तर एसीपाशी घुटमळू नका. घराचा मेन पाडा आणि लगेच जिन्यात ओरडून सगळ्यांना पाडायला सांगा. भावाच्या एका हाकेने आमच्या मजल्यावरची बाकीची घरं वाचली. मीटर रूम वर्षातून एकदा तपासून घ्यावी म्हणून मी आता प्रत्येक सभेत विषय काढते, आणि काढत राहणार.

चेंबूर

एक उलटं उदाहरण. २०१६ च्या जानेवारीत देवनार डम्पिंग ग्राउंडला मोठी आग लागली होती, आठवत असेल. आमच्या खोलीत विंडो एसीतून जळका वास येऊ लागला. विंडो एसीला बाहेरची थोडी हवा आत घ्यायची एक पट्टी असते, ती उघडी राहिली होती. पट्टी बंद केली, वास कमी झाला. गॅलरीत गेलो तर सगळीकडे धुराचा थर. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळे त्यात हा प्रकार सहसा होत नाही. बाहेर जाऊन एकदा श्वास घेऊन बघा, पण एमसीबी पाडल्यावर.

दादर

सर्व्हिसिंग झालं त्याच रात्री जळका वास आला. जेटने पाणी मारताना कार्ड झाकलं नव्हतं. आता मी समोर उभी राहते आणि कार्डाला प्लास्टिक बांधल्याशिवाय पंप सुरू करू देत नाही.

ताडदेव

मी आमच्या टॉवरच्या कमिटीत आहे. आमच्याकडे सगळी बाहेरची युनिटं एका अरुंद डक्टमध्ये एकावर एक बसवली आहेत. खालच्याची गरम हवा वरच्याच्या तोंडात. वरच्या मजल्यांवर एसी सतत तापून बंद पडायचे, आणि एका घरी पंख्याच्या मोटरचं वाइंडिंग जळलं, वार्निश करपल्याचा वास चार मजल्यांपर्यंत. डक्टच्या तोंडाला लोकांनी कबुतरांसाठी जाळ्या लावल्या होत्या. त्या पिसांनी गच्च भरल्या होत्या. त्या साफ केल्या, हवेला वाट मिळाली.

आगीबद्दल लिहितो, कारण वास आणि ज्वाळा यांच्यात कधी कधी फार वेळ मिळत नाही. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. ज्या इमारतींना तो लागू आहे, त्यांनी दर जानेवारीत आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी घ्यायचा असतो. तुमच्या कमिटीला तो दाखवायला सांगा. जिन्यातलं एबीसी पावडरचं किंवा सीओटूचं सिलिंडर विजेच्या आगीला चालतं. पाणी ओतू नका. भडका उडालाच तर मेन पाडा, खोलीचं दार लावून घ्या, सगळ्यांना जिन्याने खाली आणा आणि १०१ ला फोन करा. लिफ्ट नको.

ठाकुरद्वार

मी सत्तरीचा. चाळीत खोली. आमच्या हिला दम्याचा त्रास, म्हणून मुलगा म्हणतो एसी बसवू. वायरिंग वडिलांच्या वेळचं, लाकडी बोर्ड, वर कापडी आवरणाच्या वायरी. इथले अनुभव वाचून धास्ती बसली. एसी घ्यावा की नाही?

लालबाग

काका, घ्या, वहिनींसाठी नक्की घ्या. पण आधी लाइन, मग एसी. त्या जुन्या वायरींवर एक दिवसही चालवू नका. वीज कंपनीकडे आधी मंजूर भार वाढवून घ्या, कारण जुन्या चाळींत तो फार कमी असतो. मग मीटरपासून खोलीपर्यंत पाइपातून नवी तांब्याची लाइन, वेगळा एमसीबी, सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग. आरसीसीबी शॉकपासून वाचवतो, तापलेला सांधा त्यालाही कळत नाही, म्हणून सांधे कसलेलेच हवेत. खोली लहान असेल तर एक टनाचा पुरेल, तो वीजही कमी ओढतो. मुलाला सांगा, ज्याच्याकडे परवाना आहे अशाच कंत्राटदाराकडून काम करून घ्यायचं.

विलेपार्ले

हे सगळं वाचून आत्ताच उठून पाहिलं. वास नाही, पण एसीचा टॉप कोमट लागतोय. एमसीबी पाडून ठेवलाय. कोमट चालतो का?

लालबाग

ताई, तासभर एसी चालल्यावर टॉप किंचित कोमट लागला तर घाबरायचं कारण नाही. पाडल्यावर लगेच बोट टेकवून ठेवता आलं तर ठीक. चटका बसत असेल, प्लेट पिवळी पडली असेल, किंवा टॉप ओढताना अडकत असेल, तर वायरमन येईपर्यंत तो पॉइंट बंद. एकदा स्क्रू कसून घ्याच, आणि नवीन टॉप-सॉकेट घेताना १६ अँपिअरचे आणि आयएसआय मार्कचे बघून घ्या.