बी विंग (फक्त कामाचे मेसेज)

सोमवार

देशपांडे ७०२: (३ फोटो)

देशपांडे ७०२: सावंत साहेब, हे आमच्या बेडरूमचं कपाट. आज ओढून पुढे घेतलं तर मागचं प्लाय फुगलंय, पापुद्रे सुटलेत आणि भिंतीवर खालपासून कंबरेपर्यंत काळे ठिपके. यांचा चामड्याचा पट्टा हिरवा झालाय. पैठणी मलमलमध्ये गुंडाळून ठेवली होती, तिलाही कुबट वास. मी मे महिन्यापासून सांगतेय.

सावंत ३०१ (चेअरमन): वहिनी नमस्कार. विषय कमिटीच्या विचाराधीन आहे. भर पावसात वॉटरप्रूफिंग होत नाही हे आपण जाणताच.

देशपांडे ७०२: पावसात होत नाही आणि उन्हाळ्यात तुमचा कोरम होत नाही.

निखिल २०४: 😂

गोरे १०४ (खजिनदार): सर्व सभासदांना नम्र विनंती. मागच्या तिमाहीचा मेंटेनन्स अजून बऱ्याच जणांचा बाकी आहे. पैशाशिवाय गच्चीला हात लागणार नाही.

देशपांडे ७०२: आमचा भरलाय गोरे भाऊ. पावतीचा फोटो टाकू का इथे?

गोरे १०४: मी कोणाचं नाव घेतलेलं नाही.

करंदीकर ४०३: भांडायच्या आधी एक करा. जाड पारदर्शक प्लास्टिकचा फूटभर चौकोन घ्या. भिंत पुसून, सुटलेला रंग खरवडून, चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी पाहा. प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या अंगाला पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येतेय. आत कोरडं असेल तर दोष घरातल्या हवेचा. दोन्हीचे उपाय वेगळे, खर्चही वेगळा.

जोशी काकू २०१: कपाटात कापूर आणि कडुलिंबाचा पाला ठेवा. माझ्या आईकडे चिपळूणला हेच करायचे.

करंदीकर ४०३: काकू, कापराने वास झाकतो. पाणी जात नाही.

जोशी काकू २०१: आमच्याकडे जायचं हो.

पाटील ७०१: गच्चीचा विषय निघाला की माझ्या कुंड्यांवर घसरणार, म्हणून आधीच सांगतो, प्रत्येक कुंडीखाली ट्रे आहे.

देशपांडे ७०२: आणि प्रत्येक ट्रेमध्ये डास. पाण्याच्या पाइपच्या जाळीवर तुमच्या बोगनवेलीचा पाला साचतो, परवा गच्चीत घोट्याएवढं पाणी होतं. तो मी उपसला.

पाटील ७०१: फोटो आहे का?

निखिल २०४: वहिनी, कपाटामागे मशरूम आले तर २०४ ला कळवा, भाजी टाकतो.

सावंत ३०१: निखिल, भाडेकरूंनी कृपया विषयाला धरून लिहावे.

मनीषा ५०२: विषयाला धरूनच विचारते. माझ्या डोक्यावर गच्ची नाही, तरी मुलाच्या खोलीत कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात बुरशी आहे. त्याला दमा आहे, रात्री खोकतो. माझं कोण दुरुस्त करणार?

करंदीकर ४०३: (पुन्हा टाकतोय) फूटभर प्लास्टिक, चारी बाजूंनी पट्टी, दोन दिवस. मनीषा, कपडे कुठे वाळत घालतेस?

मनीषा ५०२: त्याच खोलीत, काका. कबुतरांमुळे बाल्कनीला जाळी, बाहेर सतत झड. मग कुठे घालू?

वैद्य ६०३ (टोरंटो): आमच्याकडे बेसमेंटमध्ये डिह्युमिडिफायर असतो, हवेतला ओलावा ओढणारा. आर्द्रता ५० टक्क्यांवर सेट केली की विषय संपला. तुम्ही लोक हे का करत नाही?

निखिल २०४: वैद्य सर, ठाण्यात जुलैत ५० टक्के फक्त सेलमध्ये मिळतात.

मनीषा ५०२: वैद्य काका, तुमचा फ्लॅट मार्चपासून बंद आहे. सहाव्या मजल्यावर लिफ्ट उघडली की वास येतो. जरा उघडायला सांगा कोणाला तरी.

वैद्य ६०३: किल्ली सावंतांकडे दिली आहे.

सावंत ३०१: माझ्याकडे नाही. गोरेंकडे असावी.

गोरे १०४: माझ्याकडे फक्त पंपरूमची आहे.

मंगळवार

पवार ६०१: (फॉरवर्ड) काळी बुरशी ५ मिनिटांत गायब!! ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर समप्रमाणात मिसळून...

मनीषा ५०२: पवार काका, हे ताबडतोब काढा. ब्लीचमध्ये ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये कोणी करून बसेल.

पवार ६०१: हा संदेश हटवला आहे

पवार ६०१: मी फक्त फॉरवर्ड केलं.

करंदीकर ४०३: कोरड्या झाडूने बुरशी झटकू नका, तिची पूड घरभर उडते. नाकाला मास्क, साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं, मग कोरडं पुसायचं आणि पंखा. वर लगेच रंग मारू नका, आत पाणी असेपर्यंत तो पुन्हा फुगणार. आणि ज्यांनी अजून प्लास्टिक लावलं नाही...

निखिल २०४: लावलं काका, लावलं. स्वप्नातही लावलं.

देशपांडे ७०२: सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नियमावलीत) स्पष्ट आहे. पावसाच्या पाण्याच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने.

गोरे १०४: आणि घरातल्या टॉयलेट-सिंकच्या गळतीचा खर्च सभासदाचा, तेही तिथेच आहे. वाचायचं तर पूर्ण वाचावं.

देशपांडे ७०२: मग हेही वाचा. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दरसाल घ्यायचा असतो. आपण किती घेतो?

गोरे १०४: हे ग्रुपवर बोलायचं नाही. सभेत बोलू.

शेख ३०४: पांढरी स्विफ्ट कोणाची आहे? गेटसमोर. ॲम्ब्युलन्स आली तर काय?

बुधवार

देशपांडे ७०२: (फोटो) घ्या. प्लास्टिकच्या आत थेंबच थेंब. बाहेरून कोरडं ठक्क. आता तरी पटलं?

मनीषा ५०२: माझं आत-बाहेर दोन्हीकडे कोरडं. पण निखिलने त्याचं आर्द्रता मोजायचं यंत्र आणून दिलं, खोलीत ८४ टक्के दाखवतंय.

करंदीकर ४०३: मग तुझी बुरशी हवेची. थेंब दिसायलाच हवेत असं नाही. भिंतीलगतची हवा दिवसेंदिवस ८० च्या वर राहिली तरी बुरशी धरते. मशीनभर ओल्या कपड्यांतून दोनेक लिटर पाणी खोलीत जातं. कपडे हॉलमध्ये पंख्याखाली, मुलाच्या खोलीचं दार बंद. एसी रात्री ड्राय मोडवर. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट, आणि कुकरनंतरही थोडा वेळ चालू ठेव. पाऊस कोसळत असताना खिडक्या सताड उघडून उपयोग नाही, बाहेरची हवाच ओली आहे.

करंदीकर ४०३: वहिनी, तुमची भिंत मी समोरच्या बिल्डिंगच्या जिन्यातून दुर्बिणीने पाहिली. पश्चिमेची बाजू, सगळी झड तिच्यावर. बीम आणि विटांच्या सांध्यात आडवा तडा आहे. आणि तुमच्या एसीच्या पाइपचं भोक बाहेरून बुजवलेलंच नाही. त्याचा उतारही आतल्या बाजूला आहे.

गोरे १०४: म्हणजे एसीचं भोक. सोसायटीचा काही संबंध नाही.

देशपांडे ७०२: तडा वाचला नाही का भाऊ? पूर्ण वाचावं म्हणालात ना?

पाटील ७०१: म्हणजे कुंड्या नाहीत. नोंद घ्यावी.

करंदीकर ४०३: पाटील, पाला तुमचाच आहे. जाळी रोज साफ करा.

देशपांडे ७०२: एसी लावणाऱ्याने भोक तसंच ठेवलं, ते मी माझ्या खर्चाने बुजवते. तडा आणि बाहेरचं प्लास्टर सोसायटीने. लेखी द्या.

सावंत ३०१: रविवारी ११ वाजता सभा. उघडीप मिळाली की तड्यावर तात्पुरतं सीलंट मारून घेऊ. प्लास्टर आणि रंग दिवाळीनंतर, भिंत सुकल्यावरच. कोटेशन तीन मागवतो. मागचा १० वर्षांची गॅरंटी देणारा फोन उचलत नाही.

निखिल २०४: गॅरंटी वॉटरप्रूफिंगची होती, फोनची नाही.

सावंत ३०१: वैद्यांची किल्ली वॉचमनच्या ड्रॉवरमध्ये सापडली. मनीषाताई, करंदीकर काका, ६ वाजता ६०३ उघडू. मास्क घेऊन या.

वैद्य ६०३: चपला बाहेर काढा प्लीज. फ्लोअरिंग नवीन आहे.